तंबाखूचे पान फुगवतात ते कसे आणि कशासाठी

कोल्हापुरात तांदूळ किलोवर घ्यावा लागतो, पण चुरमुरे घ्यायला गेले की दुकानदार अजूनही पुष्कळदा माप पुढे करतो. हा फरक कोणाला खटकत नाही, कारण भडंग करायला बसलेल्या माणसाला पातेले भरायचे असते आणि चुरमुऱ्याच्या वजनाशी त्याला काही कर्तव्य नसते. एखाद्या चुरमुऱ्याच्या भट्टीसमोर पाच मिनिटे उभे राहिले तर पुढच्या सगळ्या विषयाची निम्मी उकल तिथेच होते. खारवलेला, किंचित ओल राखलेला तांदूळ तापलेल्या वाळूत पडतो, दाण्याच्या आत अडकलेल्या पाण्याची क्षणात वाफ होते, त्या वाफेला बाहेर पडायला वाट सापडण्याआधीच ती दाण्याला आतून ढकलते, आणि वाळू चाळून झाली की मूठभर तांदळाचे सूपभर चुरमुरे झालेले असतात. तांदळात कणभरही भर पडलेली नसते; वाढलेली असते ती दाण्याच्या आतली पोकळी.

सिगारेटच्या कारखान्यात तंबाखूच्या पानाचे हेच करतात. पाण्याऐवजी बहुतेक ठिकाणी कार्बन डायऑक्साइड वापरतात, वाळूऐवजी तापलेल्या वाफेचा झोत असतो, आणि भट्टीवाल्याच्या नजरेच्या अंदाजाऐवजी दाब आणि तापमान मोजणारी यंत्रे असतात. पण तत्त्व तेच, आणि त्यामागचा हिशेबही तोच. पान विकत घेतले जाते वजनावर आणि सिगारेट विकली जाते नगावर. या दोन मापांमधल्या फटीत हा सगळा उद्योग उभा आहे.

आधी वाळताना पान का आक्रसते, ते पाहू. शेतात उभ्या असलेल्या तंबाखूच्या हिरव्या पानात वजनाच्या ८० ते ९० टक्के पाणी असते. पानातील प्रत्येक पेशी ही पाण्याने तट्ट फुगलेली एक छोटी पिशवी असते आणि अशा लाखो पिशव्यांमुळे पानाला जाडी आणि ताठरपणा येतो. सिगारेटसाठी लागणारा व्हर्जिनिया तंबाखू कोल्हापूरच्या बाजूला पिकत नाही. तो मुख्यतः आंध्र प्रदेशात आणि कर्नाटकात म्हैसूरच्या बाजूला होतो. त्याची पाने खुडून बंद कोठ्यांमध्ये टांगतात आणि नळ्यांमधून खेळवलेल्या उष्णतेवर पाच-सात दिवस टप्प्याटप्प्याने वाळवतात. पहिल्या टप्प्यात पान पिवळे पडते आणि त्यातील स्टार्चची साखर होते, नंतर पानाचा पडदा सुकतो आणि शेवटी मधली जाड शीर सुकते. या क्रियेला सगळीकडे क्युअरिंग म्हणतात. ती होत असताना पेशींमधले पाणी निघून जाते, भिंती एकमेकींवर कोसळतात आणि पिशव्यांच्या जागी चपट्या घड्या राहतात. वाळलेले पान बोटांत धरले तर कागदासारखे लागते ते यामुळेच. पेशींच्या भिंती मात्र तुटलेल्या नसतात, फक्त बसलेल्या असतात. फुगवण्याचा सगळा खटाटोप शक्य होतो तो या एका गोष्टीमुळे.

आता सिगारेटचे माप घेऊ. सर्वसाधारण सिगारेट ८ मिलिमीटर जाड असते, आणि फिल्टर सोडून तंबाखूची कांडी ६० मिलिमीटर धरली तर तिच्या आतली जागा भरते सुमारे ३ घन सेंटिमीटर. ही जागा अशी भरली पाहिजे की बोटांत धरल्यावर सिगारेट पोचट लागू नये आणि टोकाकडून चुरा सांडू नये. एक ग्रॅम कातरलेला तंबाखू ठरलेल्या दाबाखाली किती जागा व्यापतो, या आकड्याला आपण भरणक्षमता म्हणू. कारखान्याच्या प्रयोगशाळेत रोज मोजला जाणारा हा आकडा आहे. मोजण्याची रीत साधी आहे. एका नळकांड्यात मोजून तंबाखू घालायचा, वरून ठरलेल्या वजनाचा दट्ट्या ठरलेले सेकंद ठेवायचा आणि खाली किती उंचीचा थर उरला ते वाचायचे. तंबाखूत ओल जास्त असेल तर तो दबतो आणि आकडा खोटा येतो, म्हणून ओलही सोबत मोजावी लागते.

साध्या कातरलेल्या तंबाखूची भरणक्षमता ग्रॅममागे ४ घन सेंटिमीटर धरली, तर आपल्या सिगारेटीत पाऊण ग्रॅम तंबाखू बसेल. फुगवलेल्या तंबाखूचा हाच आकडा साडेसात धरा, आणि मिश्रणात त्याचा वाटा फक्त पाचवा हिस्सा ठेवा. मिश्रणाची भरणक्षमता ४.७ होते आणि तीच कांडी ०.६४ ग्रॅममध्ये तितकीच घट्ट भरते. एका सिगारेटमागे ०.११ ग्रॅम वाचले, म्हणजे काहीच नाही असे वाटते. पण एक कोटी सिगारेटींवर तो आकडा १,१०० किलो पानावर जातो. हे आकडे मी हिशेब दिसावा म्हणून घेतले आहेत, प्रत्यक्ष मिश्रणे निरनिराळी असतात. तरी कारखानदाराला या यंत्रसामग्रीवर एवढा पैसा ओतावासा का वाटतो, ते यातून कळते.

पान फुगवण्याची कल्पना जुनी आहे. पाणी आणि वाफ वापरून पानाला, विशेषतः शिरांना, फुलवण्याचे प्रयोग विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच झाले होते, पण पाण्याची एक अडचण आहे. पाणी पेशींच्या भिंतींत मुरते, त्यांना मऊ करते आणि सावकाश बाहेर पडते. मऊ भिंत फुगते खरी, पण फुगलेली राहत नाही. म्हणून पानात सहज शिरेल, पानाशी फारशी सलगी करणार नाही आणि उष्णता लागताच एकदम वायू होऊन बाहेर पडेल, अशा पदार्थाचा शोध सुरू झाला. १९७० च्या सुमारास अमेरिकेतील आर. जे. रेनॉल्ड्स या कंपनीने त्यासाठी फ्रीऑन-११ निवडले. फ्रिज आणि वातानुकूलनाच्या धंद्यामुळे ओळखीचे असलेले हे द्रव्य साधारण २४ अंश सेल्सियसला उकळते, म्हणजे कोल्हापुरात उन्हाळ्यात उघड्या भांड्यात ठेवले तर आपोआप उडून जाईल. तंबाखूला दाबाखाली त्याची वाफ पाजायची आणि मग गरम वाफेचा झोत द्यायचा, की पान फुगते. कंपनीत या पद्धतीला जी-१३ असे सांकेतिक नाव होते.

पद्धत उत्तम चालली, पण तिचे द्रव्य वाईट निघाले. फ्रीऑनसारखी क्लोरोफ्लुरोकार्बन द्रव्ये वातावरणाच्या वरच्या थरात पोहोचून ओझोन नष्ट करू शकतात, हे मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलँड या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये मांडले, १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला आणि १९९६ पासून विकसित देशांत या द्रव्यांचे उत्पादन थांबले. ओझोन म्हटले की आपल्याला फ्रिज आणि फवाऱ्याचे डबे आठवतात. पण ओझोनला घातक द्रव्यांना पर्याय ठरवताना अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ज्या उद्योगांची यादी केली, तिच्यात शीतकरण, अग्निशमन यांच्या पंक्तीला ‘तंबाखू फुगवणे’ हा स्वतंत्र प्रकार होता. एका सिगारेटीत ०.११ ग्रॅम पान कमी लागावे म्हणून पृथ्वीच्या छत्रीला भोके पाडली जात होती, असे म्हटले तर ते थोडे चढवून सांगितल्यासारखे होईल, पण अगदीच खोटे होणार नाही.

पर्याय मात्र त्याआधीच तयार झाला होता. फिलिप मॉरिस या कंपनीने १९७० च्या दशकातच कार्बन डायऑक्साइडवर चालणारी पद्धत पुढे आणली होती. पुढे हिला ड्राय आइस एक्स्पांडेड टोबॅको या शब्दांच्या आद्याक्षरांवरून ‘डायट’ म्हणू लागले. वजन कमी करणाऱ्या पद्धतीला हे नाव पडावे, हा योगायोग मोठा मजेशीर आहे. आज तंबाखू फुगवण्याच्या पद्धती म्हटल्या की हीच प्रथम डोळ्यांपुढे येते, म्हणून ती जवळून पाहू.

कोल्हापुरात शिरोलीच्या किंवा उद्यमनगरच्या फौंड्रीत काम केलेल्याला कार्बन डायऑक्साइडची ओळख करून द्यायला नको. तिथे सिलिकेट मिसळलेल्या वाळूचे कोअर, म्हणजे ओतीव वस्तूत पोकळी राखणारे गाभे, कडक करायला हाच गॅस सोडतात आणि सगळे त्याला सीओटूच म्हणतात. सिलिंडरची तोटी घाईने मोठी उघडली तर तिच्यावर पांढरा थर धरतो आणि कधी कधी गॅसची वाट आतूनच गोठून बंद होते. नवखा मुलगा त्याला हवेतल्या दमटपणाचे दव समजतो, आणि बाहेरचा थर बराचसा तोच असतो. पण आत अडकलेली पांढरी भुकटी पाण्याची नसते, ती खुद्द कार्बन डायऑक्साइडची असते. सिलिंडरमध्ये हवेच्या दाबाच्या साठपट दाबाखाली हा पदार्थ द्रव असतो. दाब हवेच्या साधारण पाचपटीखाली गेला की तो द्रवरूपात राहूच शकत नाही: काही भाग वायू होऊन उडतो, उडताना उरलेल्या भागातली उष्णता ओढून घेतो आणि उरलेला भाग गोठून कोरडा बर्फ होतो. या बर्फाचे तापमान शून्याखाली ७८ अंश असते आणि तो वितळत नाही, सरळ वायू होतो. फौंड्रीत हा प्रकार म्हणजे खोळंबा. तंबाखूच्या कारखान्यात तो मुद्दाम घडवून आणतात.

पाने आधी दमट करून मऊ केली जातात, मधल्या शिरा वेगळ्या काढल्या जातात आणि पानांचे मिलिमीटरहून बारीक धागे कातरले जातात. या धाग्यांत सुमारे २० टक्के ओल ठेवून ते एका जाड पोलादी भांड्यात भरतात. भांड्यातली हवा कार्बन डायऑक्साइडने हुसकून लावायची, दाब हवेच्या तीसपटीच्या आसपास न्यायचा, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या दाबाच्या कितीतरी पट, आणि मग द्रवरूप कार्बन डायऑक्साइडने तंबाखू पुरता बुडवायचा. थोडा वेळ मुरू दिला की द्रव घड्या पडलेल्या पेशींच्या आत जाऊन बसतो. त्यानंतर जादा द्रव खाली काढून घेतात आणि दाब उतरवतात. तोटीवर झाले तेच आता प्रत्येक धाग्याच्या आत होते, आणि भांडे उघडल्यावर बाहेर येतो तो कोरड्या बर्फाने जखडलेला, दगडासारखा कडक, धुके सोडणारा तंबाखूचा गोळा. सोडलेला वायू फुकट जात नाही. तो पकडून, दाबून पुन्हा द्रव करतात, नाहीतर खर्चाचे गणित बसले नसते.

हा गोळा काटेरी फिरत्या दांड्यांनी फोडून मोकळा करतात. इथे हात सैल सोडून चालत नाही, कारण इतक्या थंडीत तंबाखू काचेसारखा ठिसूळ असतो आणि जोरात फोडला तर त्याचा धुरळा होतो. मोकळे झालेले गोठलेले धागे एका उंच नळीत सोडतात, जिच्यातून वाफ मिसळलेला, तीनशे अंशांच्या आसपास तापलेला वायू वेगाने धावत असतो. इथून पुढचा खेळ काही सेकंदांचा आहे. एक किलो कोरड्या बर्फाचा साध्या तापमानाला पाचशे लिटरहून जास्त वायू होतो. नळीत तर तो आणखी प्रसरण पावतो. पेशीच्या घडीत बसलेल्या बर्फाच्या कणाला इतकी जागा अचानक हवी असते आणि भिंतीतून झिरपून जायला वेळ नसतो, म्हणून तो भिंती बाहेर ढकलतो. मिटलेली पिशवी उघडते, आणि धागा जवळजवळ हिरव्या पानाच्या जाडीला जाऊन पोहोचतो. फिरत्या हवेच्या भोवऱ्यात वायू आणि तंबाखू वेगळे होतात आणि खाली हलका, कुरकुरीत धागा पडतो, ज्यात ओल जेमतेम २-३ टक्के राहिलेली असते.

पान फुगले हे कळले, पण वायू निघून गेल्यावर ते परत का बसत नाही? चुरमुऱ्याचे आणि तंबाखूचे उत्तर इथेही एकच आहे. पेशीची भिंत सेल्युलोज, पेक्टिन अशा पदार्थांची असते आणि ओल असेपर्यंत ती लवचिक असते. झोतात शिरताना धाग्यात ओल होती, म्हणून भिंत ताणली गेली, फाटली नाही. त्याच झोताने पुढच्याच क्षणी ओल पळवली, म्हणून ताणलेली भिंत होती तशी कडक झाली. दोन्ही गोष्टींचा क्रम आणि वेळ जमली तरच हे साधते. ओल कमी असेल तर पान फुटते, जास्त असेल तर फुगून पुन्हा बसते, आणि उष्णता वाजवीपेक्षा जास्त झाली तर करपते. म्हणूनच या यंत्राचा खरा कारागीर ओल सांभाळणारा असतो.

त्यानंतरचे काम सगळ्यांत नाजूक, आणि पाहायला सगळ्यांत कंटाळवाणे. इतका कोरडा तंबाखू सिगारेटच्या यंत्रात घातला तर त्याचे पीठ होईल, म्हणून त्याला पुन्हा ११-१२ टक्क्यांपर्यंत ओल द्यावी लागते. ती एकदम देता येत नाही. कोल्हापूरच्या पावसाळ्यात डब्याचे झाकण रात्रभर उघडे राहिले तर सकाळी चुरमुरे सादळून चिवट होतात, हे प्रत्येक घरात ठाऊक आहे. फुगवलेला तंबाखूही असाच सादळतो. भिंती मऊ पडल्या की उघडलेल्या पिशव्या पुन्हा मिटू लागतात आणि कमावलेला आकार हातचा जातो. त्यामुळे दमट हवा अगदी हळूहळू खेळवत, पट्ट्यावरून पुढे सरकत असताना ही ओल चढवतात. काही सेकंदांत मिळवलेला फुगवटा टिकवायला बराच वेळ घालवावा लागतो, तो असा.

या सगळ्यात काही गमावलेही जाते. तीनशे अंशांच्या झोतातून जाताना पानातले सहज उडणारे सुगंधी पदार्थ वायूबरोबर निघून जातात आणि थोडे निकोटिनही जाते. नुसत्या फुगवलेल्या तंबाखूची सिगारेट केली तर ती चवीला फिकी, हाताला पोचट आणि जळायला घाईची होते, कारण आत पोकळी जास्त आणि जळायला पदार्थ कमी. म्हणून तो नेहमी इतर तंबाखूत मिसळूनच वापरतात. वेगळ्या काढलेल्या मधल्या शिरांनाही रुळांखाली चेपून, कातरून, भरपूर ओल आणि वाफ देऊन फुलवतात. पूर्वी हलका समजला जाणारा माल त्यामुळे मिश्रणात मानाने जाऊन बसतो.

सिगारेट लवकर जळते आणि तिच्यात पान कमी असते, यातून एक दुसराच फायदा उद्योगाच्या हाती लागला. सिगारेटमधील टार आणि निकोटिन मोजणारे प्रमाणित यंत्र दर मिनिटाला दोन सेकंदांचा, ३५ मिलिलिटरचा एक झुरका घेते. कांडी लवकर संपली की झुरके कमी होतात, आणि नगामागे टारचा आकडा आपोआप उतरतो. फिल्टरला पाडलेल्या बारीक छिद्रांच्या जोडीला फुगवलेला तंबाखू हा ‘लाइट’ सिगारेटींचा एक मोठा आधार ठरला. पण यंत्राला निकोटिनची तलफ नसते, माणसाला असते. झुरका फिका लागला की माणूस तो खोल घेतो, लांब घेतो, शेवटपर्यंत ओढतो किंवा दिवसाची एखादी सिगारेट वाढवतो. छापील आकडा खाली आला तरी फुप्फुसात जाणारा धूर त्या प्रमाणात खाली आला नाही, आणि २०१० पासून अमेरिकेत ‘लाइट’, ‘माइल्ड’ असे शब्द पाकिटावर छापायला बंदी झाली. या सिगारेटी कमी घातक आहेत, असा त्या शब्दांचा सरळ अर्थ ग्राहक लावत होता. तो चूक होता आणि आजही चूकच आहे.

आपल्या देशात या हिशेबाला आणखी एक पदर आहे. भारतात सिगारेटवरचा नगावर ठरणारा कर हजार कांड्यांमागे आणि लांबीप्रमाणे आकारला जातो. ६५, ७० अशा मिलिमीटरच्या टप्प्यांवर दर बदलतो. आत किती ग्रॅम पान आहे, याच्याशी त्या कराला देणेघेणे नाही. म्हणजे गिऱ्हाईक कांडी मोजून घेतो, सरकार कांडीची लांबी मोजते, आणि सगळ्या साखळीत तराजू हाती धरावा लागतो तो फक्त शेतकऱ्याला. त्याच्या किलोच्या भावाची घासाघीस होते, आणि त्याच्या त्याच किलोतून पूर्वीपेक्षा जास्त कांड्या भरल्या जातात. कारखान्याच्या बाजूने ही काटकसर आहे हे मान्य करूनही, तिचा वाटा पान पिकवणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची काही वाट या रचनेत मला दिसत नाही.

कागल ओलांडून निपाणीकडे गेले की मात्र हे सगळे शास्त्र गैरलागू होते. तिथला तंबाखू विडीचा. तो बंद कोठीत वाळत नाही, रानात उन्हावर वाळतो, आणि त्याचे लांब धागे न कातरता चुरा करतात. १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीत तंबाखू उत्पादकांचे जे आंदोलन झाले, ते याच पानाच्या भावासाठी. विडीच्या टेंभुर्णीच्या पानात तंबाखू बसतो तो साधारण पाव ग्रॅमच्या आतबाहेर, आणि तो फुगवलेला असून उपयोग नाही. विडी वळणाऱ्या बाईच्या चिमटीतून तो पानावर नीट ओघळला पाहिजे, बोटाखाली दबला पाहिजे आणि वळल्यावर हलता कामा नये. हलका, पोकळ धागा तिच्या हाताला मुळीच चालणार नाही. शिवाय तिथे तराजूचे राज्य अजून संपलेले नाही. हजार विड्यांना किती तंबाखू लागतो हे ठरलेले असते, तो वजन करून तिच्या पदरात टाकतात, आणि संध्याकाळी विड्या मोजून घेताना हजारात कमी भरल्या तर तूट तिच्याच मजुरीतून कापतात.